पत्ता : दांडिया बाजार

गेल्या गणपतीत बडोद्याला आलो होतो. मंडळात आरती झाली, द्रोणात खिरापत घेऊन उभा होतो, तेवढ्यात तीन-चार पोरं-पोरी जवळ आली. एक बी.एड. करणारी, एक फार्मसीवाला, बाकीची इंजिनिअरिंगची. "दादा, वहिनींना इंग्लंडमध्ये शाळेत नोकरी कशी मिळाली? एजंट कोण होता?"

एजंट नव्हता म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. फार्मसीवाल्याचा चेहरा तर 'नाव सांगायचं नसेल तर राहू दे' असा झाला. मग बी.एड.वाली म्हणाली, "पण तुम्ही दुबईतून केलंत ना, म्हणून सोपं गेलं असेल."

याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

आम्ही २०१६ मध्ये दुबईला गेलो. मी एम.एस. युनिव्हर्सिटीचा बी.ई., सॉफ्टवेअरवाला. बायकोही एम.एस.चीच, फिजिक्समध्ये एम.एस्सी. आणि मग बी.एड. बडोद्यात चार वर्षं तिने शाळेत शिकवलं होतं. दुबईचा माझा व्हिसा नोकरीचा, तिचा माझ्यावर अवलंबून. तेव्हा पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागायचा. तिच्या स्टिकरवर व्यवसायाच्या जागी छापलं होतं 'हाऊसवाइफ'. मी ते गमतीने घेतलं. तिने घेतलं नाही.

तिथे शाळेत लागायचं तर डिग्रीवर शिक्के हवेत. आधी राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि शेवटी दुबईत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. डिग्रीची मागची बाजू ट्रकच्या पाठीसारखी झाली. मधल्या काळात लेक झाली. २०१८ च्या शेवटी ती एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत लागली, नववी-दहावीला फिजिक्स. पण व्हिसा माझाच, त्यामुळे स्टिकरवर हाऊसवाइफच राहिली.

आखाती देशात राहिलेल्यांना हे माहीत असतं की तिथे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जातो. २०२३ मध्ये आमच्या कंपनीने माझ्या शेजारच्या दोन टीम घरी पाठवल्या. मी वाचलो, पण घरी रोज रात्री तोच विषय. बडोद्याला परत जायचं की आणखी कुठे? मी कॅनडाचे गुण मोजत बसलो होतो. एका रात्री ती म्हणाली, "दर वेळी तुझ्या कागदावर मी का जायचं? एकदा माझ्या कागदावर जाऊन बघू."

तिला कुठून तरी कळलं होतं की १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने शिक्षकांच्या पात्रतेचा, म्हणजे क्यूटीएसचा, अर्ज आणखी काही देशांच्या शिक्षकांसाठी खुला केला आहे. त्यात भारत आहे. मात्र भारतातल्या शिक्षकांना गणित, विज्ञान किंवा भाषा हेच विषय आणि ११ ते १६ वयाची मुलं. अर्ज ऑनलाइन, फी नाही. आणि फिजिक्सच्या शिक्षकांचा तर तिथे इतका दुष्काळ की बाहेरून येणाऱ्या फिजिक्स आणि भाषांच्या शिक्षकांना सरकार १०,००० पौंड स्थलांतराचे देत होतं. हे पैसे नोकरीला लागल्यावर मिळायचे, आधी नाही. हा फरक पुढे फार महाग पडला.

एजंटबद्दल विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. तिने अर्ज टाकायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात नोकरीचं पत्र आलं. मुलाखत नाही, काही नाही, एकदम पत्र. शाळेचं बोधचिन्ह, मुख्याध्यापकांची सही, आणि व्हिसाची अनामत म्हणून ८५० पौंड भरायची सूचना. मी खरंच खूश झालो. बँकेचं ॲप उघडलं होतं. तिने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यात 'स्टँडर्ड नाइन' लिहिलंय. इंग्लंडमध्ये 'इयर नाइन' म्हणतात. आणि 'हाफ-इयरली एक्झाम' तिथे कुठून आली? हे पत्र आपल्याकडच्या कुणीतरी लिहिलंय." मग मी माझ्या धंद्यातलं डोकं चालवलं आणि त्या ईमेलचं डोमेन तपासलं. एकोणीस दिवसांपूर्वी नोंदवलेलं. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाने हे आधी बघायला हवं होतं, पण पकडलं मास्तरणीने.

तेव्हापासून आम्ही एकच नियम ठेवला. परदेशी माणसाला स्पॉन्सर करण्याचा परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर सगळ्यांना बघता येते, फुकट. त्यात नाव नसेल तर पुढे बोलायचं नाही. आणि नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देणारा नसतो.

पहिली खरी मुलाखत फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, व्हिडिओवर. विषयाचे प्रश्न तिने सहज सोडवले. मग विचारलं, "एखादी विद्यार्थिनी तुम्हाला घरातली त्रासाची गोष्ट सांगते आणि कुणाला सांगू नका म्हणते. तुम्ही काय कराल?" हिने आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. मुलीला धीर देईन, विश्वासात घेईन, तिच्या आईला बोलावून घेईन. समोरची बाई छान हसली. दोन दिवसांनी नकार आला. कारण विचारलं तर त्यांनी सभ्यपणे सांगितलं: बालसुरक्षेची समज पुरेशी नाही.

ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नऊ वर्षं मुलांमध्ये घालवलेल्या बाईला असं ऐकावं लागणं मलाही लागलं. पण नंतर तिने तिथल्या शिक्षण खात्याची 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' ही मार्गदर्शिका उतरवून घेतली आणि पेन्सिल घेऊन वाचून काढली. तिथला नियम असा: गुपित राखण्याचं वचन मुलाला कधीच द्यायचं नाही. त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्यासाठी नेमलेल्या शिक्षकाकडे लगेच पोचवायचं. आणि घरी परस्पर कळवायचं नाही, कारण त्रास घरातूनच होत असेल तर आपण मुलाला आणखी अडकवतो. हे वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बडोद्याच्या शाळेत एक मुलगी होती. मी तिच्या आईला बोलावलं होतं." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

दुसरी मुलाखत १८ एप्रिलला ठरली. लिंकनशायरमधल्या एका लहान गावातली शाळा. १६ तारखेला दुबईत असा पाऊस झाला की तसा कधी झाला नव्हता. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी, रस्त्यात गाड्या तरंगताहेत. आमच्या इमारतीचं तळघर भरलं आणि वीज गेली. बडोद्याहून बाबांचे दर तासाला फोन. १८ ला सकाळी आम्ही पायजमे गुडघ्यापर्यंत वर करून, लॅपटॉप डोक्यावर धरून, दोन गल्ल्या पलीकडे एका मित्राच्या घरी गेलो. तिथल्या बेडरूममधून तिने इंग्लंडच्या आठवीच्या वर्गाला घर्षण शिकवलं. मी लेकीला घेऊन मित्राच्या स्वयंपाकघरात, दोघांनी बोलायचं नाही असं ठरवून. मुलाखतीत तोच मुलीचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी उत्तर तयार होतं.

पुढच्या आठवड्यात होकार आला आणि कागदांचा खेळ सुरू झाला.

आमच्यासारख्या बडोदेकरांच्या कागदांची एक गंमत आहे. आम्ही मराठी. माझा जन्मदाखला गुजराती, लग्नाचा दाखला गुजराती, लेकीचा जन्मदाखला अरबी आणि इंग्रजी, आणि हे सगळं मागणारे इंग्रज. जे इंग्रजीत नाही त्याचं प्रमाणित भाषांतर हवं. त्यात नावं. तिच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं, आडनाव माहेरचं. पासपोर्टवर तिचं नाव, मग माझं, मग माझं आडनाव. युरोपियन माणसाला ही सरळ दोन वेगळ्या बायकांची कागदपत्रं वाटतात. त्यामुळे लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर प्रत्येक अर्जाला जोडावं लागलं. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण बदललंत तर लग्नाचा दाखला इंग्रजीतही मिळवून ठेवा.

इंग्रजी येतं हे सिद्ध करायला आयईएलटीएस द्यायची किंवा डिग्री इंग्रजीतून झाल्याचं दाखवायचं. दुसऱ्या वाटेला एक्टिस नावाच्या संस्थेकडे पैसे भरून डिग्री तपासून घ्यावी लागते आणि माध्यम इंग्रजी होतं असं विद्यापीठाचं पत्र लागतं. इथे मात्र आपण बडोदेकर भाग्यवान. एम.एस. युनिव्हर्सिटीचं माध्यम १९४९ मध्ये स्थापना झाली तेव्हापासून इंग्रजी. माझा चुलतभाऊ पत्र आणायला गेला तर खिडकीवरचे काका म्हणाले, "आखी युनिव्हर्सिटी अंग्रेजीमां छे, एनुं वळी सर्टिफिकेट?" पण दोन दिवसांत पत्र हातात दिलं. आणि हो, दिल्ली-दुबईचे ते शिक्के? इंग्लंडने त्यांच्याकडे बघितलंही नाही. स्कॅन पुरे झालं.

आता त्या बी.एड.वालीच्या प्रश्नाचं उत्तर. तिसऱ्या देशातून अर्ज करणं सोपं असतं का? एका बाबतीत हो. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीसाठी जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी लागते. आम्ही आठ वर्षं अमिरातीत राहिलेलो, तो देश त्या यादीत नाही, म्हणून आम्हाला लागली नाही. पण शाळेत काम करणाऱ्याला गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे बारा महिने किंवा जास्त राहिला त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे दुबईचा एक आणि भारताचा एक. दुबईचा मोबाइलवरून मागवला, काही दिवसांत आला. भारताचा दाखला परदेशातून काढायचा तर आपल्या वकिलातीमार्फत अर्ज जातो, आणि गरज वाटली तर चौकशीसाठी पासपोर्टवरच्या पत्त्यावर पोलीस जातात.

पासपोर्टवरचा पत्ता होता दांडिया बाजार.

दांडिया बाजारातला आमचा वाडा २०१५ मध्ये गेला. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, बिल्डरला दिला, आता तिथे खाली मोबाइलची दुकानं आणि वर कोचिंग क्लास आहे. आई-बाबा समाला टेनामेंटमध्ये राहायला गेले. बायकोचा पासपोर्ट लग्नानंतर २०१२ मध्ये काढलेला, तेव्हा वाड्याचा पत्ता बरोबरच होता. पण २०२२ मध्ये दुबईत तो नव्याने काढला तेव्हा फॉर्म मी भरला. जुना पासपोर्ट समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं. आमच्या धंद्यात निम्मे घोळ कॉपी-पेस्टने होतात हे मी नव्या पोरांना शिकवतो.

मेच्या सुरुवातीला अर्ज केला. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप दिलं. तो कागद नसतो, नुसता एक नंबर असतो, आणि तीन महिन्यांत तो वापरून व्हिसाचा अर्ज करायचा. नोकरी १ सप्टेंबरपासून. व्हिसाला साधारण तीन आठवडे. म्हणजे फार तर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दम होता. आणि जूनच्या मध्यावर कळलं की पोलीस दांडिया बाजारात जाऊन आले, मोबाइलच्या दुकानात विचारलं, आणि 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा अहवाल पाठवला.

मी बाबांना फोन केला. खरं तर करायचा नव्हता. इंग्लंडला जायचं ठरल्यापासून बाबा त्या विषयावर बोलत नव्हते. दुबईहून अहमदाबाद तीन तास. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रात्री निघून सकाळी दवाखान्यात होतो. इंग्लंडहून हे जमणार नाही हे त्यांनाही कळत होतं, मलाही. त्यांनी विरोध केला नाही. फक्त "बरं" म्हणाले होते. आता त्याच माणसाला मी सांगत होतो की हा कागद मिळवून द्या, म्हणजे आम्ही लांब जाऊ.

बाबा ७४ वर्षांचे. नोकरी कचेरीत गेलेली, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीची फाइल. वाड्याचं शेवटचं लाइट बिल, विक्रीचा दस्त, समाच्या घराचा वेरा भरल्याची पावती, आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. ते सगळं पिशवीत घालून ते चौकीत गेले. साहेब नाहीत. दुसऱ्यांदा गेले. दोन साक्षीदार आणा. मी नेमकं त्या वेळी म्हणालो की बाबा, थोडे पैसे देऊन होत असेल तर बघा. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग म्हणाले, "चारित्र्याचा दाखला आहे ना तो?"

साक्षीदार म्हणून वाड्यातल्या जुन्या दोघांना त्यांनी गाठलं. एक काका आता मांजलपूरला असतात. दुसऱ्या काकू, ऐंशीच्या पुढच्या, अजून गल्लीतच. त्या रिक्षातून आल्या आणि जमादाराला म्हणाल्या की या पोरीचा गृहप्रवेश माझ्यासमोर झाला, माप मी ठेवलं होतं, आणि तुम्ही म्हणता ती इथे राहत नव्हती? चौथ्या खेपेला जमादारच ओशाळला. "काका, छोकरो दुबई, वहू दुबई, ने धक्का तमे खाओ छो?" हे बाबांनी आम्हाला फोनवर हसत सांगितलं. बायको हसली नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "नको जाऊया?"

मी तेव्हा काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. सकाळी उठून ती शाळेत गेली आणि मी दुबईतल्या केंद्रात नव्या पत्त्याचे पुरावे आणि खुलाशाचं पत्र द्यायला गेलो.

दुसरा अहवाल गेला. जुलै असाच सरला. मी दिवसातून दहा वेळा स्टेटस बघायचो. तिने शाळेचा राजीनामा आधीच दिलेला, माझा नोटीस पीरियड चालू. दाखला नाही आला तर ऑगस्टअखेर आम्हा तिघांकडे कुठल्याच देशाचा कागद उरला नसता, भारत सोडून. आई म्हणाली, "भारत सोडून काय, भारत आहे ना!" तेही खरंच.

२ ऑगस्टला दाखला आला. आणि त्याच आठवड्यात इंग्लंडमध्ये दंगली पेटल्या होत्या. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, हल्लेखोर बाहेरून आलेला अशी खोटी बातमी पसरली, आणि गावोगाव जमाव रस्त्यावर. बाहेरच्या लोकांना ठेवलेल्या हॉटेलांना आगी लावायचे प्रयत्न. बाबा दिवसभर टीव्हीसमोर. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांनी फोन केला, बायकोला द्यायला सांगितला, आणि विचारलं, "पोरी, तुझी शाळा त्या गावांपासून किती लांब आहे?" तिने नकाशा बघून किलोमीटर सांगितले. "बरं," म्हणाले.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण यावर कुणी उघड बोलत नाही. तीन वर्षांच्या स्पॉन्सरशिपला माणशी व्हिसाची फी तेव्हा ७१९ पौंड होती, तिघांचे २,१५७. त्याशिवाय तिथल्या दवाखान्यांसाठीचा हेल्थ सरचार्ज. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठ्या माणसाला वर्षाला ६२४ चा एकदम १,०३५ झाला होता, मुलांना ७७६. तो सगळ्या वर्षांचा आगाऊ भरायचा: तीन वर्षांचे तिघांचे ८,५३८. म्हणजे १०,६९५ पौंड, तेव्हाच्या भावाने अकरा लाखांच्या वर, एका बैठकीत. पाच दिवसांत निकाल हवा म्हणून माणशी ५०० आणखी दिले ते वेगळे. खात्यात किमान शिल्लक २८ दिवस दाखवावी लागते, ती अट मात्र शाळेने हमी घेतल्यामुळे सुटली; आपल्या शाळेला हे जरूर विचारा. ते १०,००० पौंड मिळेपर्यंत हे सगळं स्वतःच्या खिशातून. आठ वर्षांच्या दुबईच्या बचतीचा मोठा तुकडा तिथे गेला.

अर्ज भरताना एक रकाना आला: मुख्य अर्जदाराशी तुमचं नातं. मी 'डिपेंडंट पार्टनर' निवडलं. ती मागे उभी होती. म्हणाली, "व्यवसाय काय लिहितोयस? हाऊसहजबंड?" आठ वर्षं थांबली होती या वाक्यासाठी. डिपेंडंटला तिथे नोकरी करता येते म्हणून मी वाचलो.

१४ ऑगस्टला व्हिसा आला. २९ ऑगस्टची तिकिटं काढली. दुबईचं घर २६ ला रिकामं करून चावी दिली आणि पुन्हा त्याच मित्राकडे, त्याच बेडरूममध्ये मुक्काम.

त्या आठवड्यात बडोद्यात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही ते बघितलंत. जन्माष्टमीपासून पाऊस थांबेना, विश्वामित्री धोक्याच्या २५ फुटांच्या कितीतरी वर गेली, आणि समा पाण्याखाली. २७ ला रात्री बाबांचा शेवटचा फोन: पाणी ओट्यापर्यंत आलंय, आम्ही गच्चीवरच्या खोलीत जातोय, काळजी करू नका, बॅटरी संपत आलीय. मग फोन बंद. २८ पूर्ण दिवस बंद. मी मित्राच्या घरात फेऱ्या मारतोय, व्हॉट्सॲपवर फतेगंजचे, अकोट्याचे व्हिडिओ येताहेत, गल्लीत मगर फिरतेय. एप्रिलमध्ये ते इकडे दर तासाला फोन करत होते. आता मी करत होतो आणि लागत नव्हता.

२८ ला रात्री ठरवलं. तिला १ सप्टेंबरला हजर व्हायचंच होतं, नाहीतर सगळं मुळापासून. पासपोर्टवरचा व्हिसा ९० दिवस चालणार होता, म्हणजे मी मागून जाऊ शकत होतो. ती चार बॅगा घेऊन एकटी लंडनला निघाली. मी लेकीला घेऊन अहमदाबादला. विमानतळावर दोन वेगळ्या रांगा. लेक रडली, ती रडली नाही. तिच्या हातातली फाइल मात्र मी पहिल्यांदाच थरथरताना बघितली.

लेकीला बहिणीकडे ठेवून ३० ला बडोद्याला पोचलो. पाणी ओसरलं होतं. भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर मातीची रेघ. फ्रिज आडवा, गाद्या फुगलेल्या, सगळीकडे तो वास. आई-बाबा आणि शेजारचे चौघे गच्चीवरच्या खोलीत दोन रात्री काढून खाली आले होते. बाबांच्या पायाला काहीतरी कापलं होतं, बाकी ठीक. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "टीव्ही राहिला खाली. फ्रिज काही उचलता येईना." आणि माळ्यावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फायली काढून दाखवल्या. दांडिया बाजारचं लाइट बिल सगळ्यात वर.

मी सोळा दिवस राहिलो. चिखल काढला, वायरिंग नवं केलं, विम्याचे फॉर्म भरले. पत्ता दोनदा तपासून लिहिला.

२ तारखेला रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. भाड्याच्या रिकाम्या घरात जमिनीवर बसली होती, मागे न उघडलेल्या बॅगा. पहिल्या दिवशी नुसत्या मीटिंगा झाल्या, मुलं बुधवारी येणार. तिच्या नावाचा उच्चार लोक चार प्रकारे करतात. बाबांनी डायरी काढली आणि तिथला पत्ता सांगायला सांगितला. पोस्टकोड दोनदा विचारून घेतला, ओ आहे की शून्य आहे ते पक्कं केलं. मग आईने फोन हातात घेतला.

"घर कितव्या मजल्यावर आहे गं?"

"पहिल्या, आई."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि जेवलीस का ते विचारू लागली.